भिंतीला न चिकटवताही घरचा स्टुडिओ उभा राहतो

प्रश्न

पुण्यात सिंहगड रस्त्याला भाड्याच्या वन बीएचकेत राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. नोकरी सांभाळून त्या मराठी ऑडिओबुकसाठी वाचन करतात, अधूनमधून व्हॉइसओव्हरची कामंही घेतात. दहा बाय दहाची बेडरूम हाच त्यांचा स्टुडिओ. ‘आवाज घुमतोय, खोली ऐकू येतेय’ असं काम देणाऱ्यांकडून दोनतीनदा ऐकल्यावर त्यांनी अकूस्टिक फोम मागवला. टाइल्स एक इंच जाडीच्या आणि फूटभर लांबी-रुंदीच्या, बारा-बाराची दोन पाकिटं. एक उघडलं आहे, दुसरं तसंच आहे. काम अडलंय ते भिंतीपाशी. घरमालकीण काकू खालच्याच मजल्यावर राहतात आणि घराला नुकताच नवा रंग दिलेला आहे. आधीच्या भाड्याच्या घरात डबल टेप काढताना रंग पुट्टीसकट निघाला होता आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले होते. नवरा म्हणतो, या वेळी चांगल्यातली टेप आणू. एका मैत्रिणीनं स्प्रे ग्लू सुचवला. दुकानदार म्हणाला, सरळ खिळे मारा. त्यातच काकूंनी एकदा सहज विचारलं, “रात्री उशिरा कुणाशी बोलत असतेस गं?” तेव्हापासून त्यांना रात्री रेकॉर्डिंग करायलाही संकोच वाटतो. त्या लिहितात, “फोम लावला की घुमणंही थांबेल आणि आवाज बाहेरही जाणार नाही. फक्त भिंत खराब न करता तो कसा लावायचा, एवढंच सांगा.”

उत्तर

नमस्कार,

आधी टेपबद्दलच सांगते, कारण तुमचा जीव तिथेच अडकला आहे. आपल्याकडच्या भिंतीवर सगळ्यात वर रंग, त्याखाली प्रायमर, त्याखाली पुट्टीचा पातळ थर आणि त्याच्याही आत गिलावा असतो. टेप रंगाला घट्ट धरते. कच्चा जोड असतो तो आत, पुट्टीपाशी. टेप ओढली की भिंत तिथे सुटते आणि वरचा पापुद्रा टेपबरोबर हातात येतो. तुमच्या आधीच्या घरी हेच झालं. टेप हलकी होती म्हणून ते झालं नाही, ती पुट्टीपेक्षा जास्त चिवट होती म्हणून झालं. तेव्हा आणखी महागाची टेप आणून हा प्रश्न सुटणार नाही, वाढेल. स्प्रे ग्लूचं तर नावच काढू नका. तो फोममध्ये मुरतो, रंगात मुरतो, आणि काढताना फोमचे तुकडे भिंतीवर राहतात. ते खरवडणं म्हणजे भिंत पुन्हा रंगवणंच.

पण तुमच्या पत्रात याहून मोठी गोष्ट गृहीत धरली आहे: आवाज सुधारायचा म्हणजे भिंतीवर काहीतरी लावायलाच हवं. स्टुडिओचे फोटो बघून आपल्या सगळ्यांच्याच मनात हे बसलंय. प्रत्यक्षात बोलणाऱ्याच्या आवाजासाठी भिंतीला चिकटलेला पातळ फोम हा सगळ्यात कमी उपयोगाचा पर्याय आहे. तोच फोम भिंतीपासून वीतभर पुढे आला की जास्त काम करतो. म्हणजे भिंत वाचवायची का आवाज, अशी निवड तुम्हाला करायचीच नाही. हे मी मनापासून सांगतेय, कारण या चुकीच्या समजुतीपायी कितीतरी हौशी कलाकार आधी पैसे घालवतात आणि मग डिपॉझिट.

घुमणं कुठून येतं ते बघू. खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्र’ असा बारीक थरथरता आवाज आला, तर तो समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटत राहिल्याचा. आता बोलून बघा. बोलण्याला येतो तो जडपणा, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, तो वेगळा. तो खालच्या स्वरांचा आहे आणि काम देणाऱ्यांची तक्रार बहुधा त्याचीच असते.

एक इंच फोम यातलं काय शोषतो? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. बाईच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण 165 ते 255 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, पट्ट्यात असतो. 200 हर्ट्झ धरलं तर त्या स्वराची एक लाट 1.7 मीटर लांब होते. फोम, रुई, कापूस यांसारखी सच्छिद्र वस्तू लाटेच्या साधारण चतुर्थांशाइतकी जाड असली की ती लाट नीट शोषली जाते. 200 हर्ट्झसाठी ही जाडी झाली 43 सेंटिमीटर. उलटा हिशेब केला तर तुमचा अडीच सेंटिमीटरचा फोम 3400 हर्ट्झच्या आसपास आणि त्यावरच भरवशाचा. तिथे काय असतं? ‘स’, ‘श’, ‘च’ यांची सळसळ आणि धार. म्हणजे भिंतभर असा फोम चिकटवला की आवाजातली धार जाते आणि जडपणा मात्र तसाच राहतो. फोम लावूनही रेकॉर्डिंग ‘मेल्यासारखं’ येतं, असं अनेकजण म्हणतात ते यामुळे.

शिवाय क्षेत्रफळ बघा. दहा बाय दहाची खोली, उंची साडेनऊ फूट धरली, तर चार भिंती, छत आणि फरशी मिळून 580 चौरस फूट होतात. तुमच्या 24 टाइल्स म्हणजे 24 चौरस फूट. शेकडा चारच. पाच बाय सातची एक गोधडी 35 चौरस फुटांची असते.

आता भिंतीपासून दूर ठेवण्याचं कारण. सच्छिद्र वस्तू आवाज शोषते ती हलणाऱ्या हवेला आपल्या बारीक छिद्रांमध्ये अडवून, घासून. भिंतीला अगदी टेकलेल्या जागी हवेला हलायला वावच नसतो. भिंतीपासून जसजसं पुढे यावं तसतशी ती जास्त हलते. म्हणून तोच एक इंच फोम भिंतीपासून 10 सेंटिमीटर पुढे टांगला तर त्याचा उपयोग 3400 हर्ट्झवरून खाली, साधारण 700 हर्ट्झपर्यंत पोचतो. एक पैसा जास्त न घालता.

खोलीतला आवाज मोजण्याचं शास्त्र सुरू झालं तेच मुळी साध्या गाद्यांपासून. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोलणं इतकं घुमायचं की वक्त्याचं काही कळायचं नाही. ते सुधारायचं काम वॉलेस सेबाइन या भौतिकशास्त्राच्या तरुण शिक्षकावर सोपवलं. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री तिथे आणायच्या, थोड्या थोड्या पसरायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचं, असे प्रयोग त्यानं केले. सकाळी नाट्यगृह वापरात यायच्या आत गाद्या परत जागेवर. रिकाम्या सभागृहात एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत होता. गाद्या वाढत गेल्या तसा तो वेळ कमी होत गेला, आणि त्यातूनच आजही वापरात असलेलं सूत्र निघालं: खोलीचं आकारमान आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग, यांवर घुमणं ठरतं. शोषण्याचं माप म्हणून सेबाइननं उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. सेबाइननं वापरल्या त्या साध्या आसनांच्या गाद्या होत्या. तुमच्या घरातही गाद्या, रजया, गोधड्या आहेत. सुरुवात तिथून करा.

कशी, ते सांगते. पहिली गोष्ट, तुम्ही कुठे उभ्या राहता. खोली चौरस आहे, आणि चौरस खोलीची एक खोड असते: लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तेच ते स्वर एकावर एक चढून फुगतात. दहा फुटी खोलीत 56 हर्ट्झ आणि त्याच्या पटी, म्हणजे 112, 168, 225. शेवटचे दोन थेट तुमच्या आवाजाच्या पट्ट्यात आहेत. म्हणून खोलीचा मधोमध आणि कोपरे, दोन्ही टाळा. एका भिंतीपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर उभं राहून बघा, मग फूटभर पुढे-मागे सरकून तोच परिच्छेद पुन्हा वाचा. फरक तुम्हालाच ऐकू येईल.

दुसरी गोष्ट सर्रास उलटी केली जाते. घरी वापरतात ते बहुतेक माइक समोरून ऐकतात आणि मागून जवळपास बहिरे असतात. माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे त्याला तुमच्यामागची भिंतही ‘दिसते’. आणि आपण फोम लावतो तो डोळ्यांसमोर, माइकच्या पाठीमागे. पहिलं मऊ काहीतरी हवं ते तुमच्या पाठीमागे. त्यानंतर दोन्ही बाजूंना, आणि समोरचं शेवटी. बेडरूममध्ये कपाट आहे ना? दारं पूर्ण उघडा, आत कपडे गच्च असू द्या, आणि कपाटाकडे पाठ करून उभ्या राहा. साड्या, शर्ट, स्वेटर यांचा फूट-दीड फूट खोल थर कोणत्याही एक इंच फोमपेक्षा पुष्कळ जास्त शोषतो. बेडवरची गादी काढू नका, तीही काम करतेय. बेड नसेल तर पायाखाली सतरंजी नको, जाड गालिचा किंवा घडी घातलेली रजई घ्या.

बाजूंसाठी कपडे वाळत घालायचा उभा स्टँड घ्या. त्यावर जाड गोधडी दुपदरी टाका आणि स्टँड भिंतीपासून वीतभर अलीकडे ठेवा. असे दोन स्टँड डावी-उजवीकडे. काम झालं की घडी करून पलंगाखाली. गोधडी शक्यतो सुती, जुन्या लुगड्यांची, हाताला जड लागणारी असू द्या. कापसाची रजई उत्तमच. नुसती सोलापुरी चादर पातळ पडते, चार पदर केले तर चालते. चकचकीत सॅटिनचे पडदे किंवा रेक्झिन उपयोगाचं नाही. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा: थोड्या कष्टानं आरपार गेली तर कापड कामाचं, गेलीच नाही तर ते आवाज परतवणारं.

टांगायचंच असेल तर भिंतीआधी घरात असलेले आधार शोधा. पुण्या-मुंबईच्या घरात ते बरेच सापडतात. माळ्याची कड, खिडकीचं ग्रिल, पडद्याची आधीच बसवलेली दांडी, दाराच्या चौकटीत स्प्रिंगनं फसून बसणारी दांडी, आधीच्या भाडेकरूनं ठोकलेला कॅलेंडरचा खिळा. माळ्याच्या कडेला एस आकाराचे हुक अडकवून त्यावर दांडी आणि दांडीवर रजई, ही माझ्या मते भाड्याच्या घरातली सगळ्यात चांगली सोय. माळा भिंतीपासून पुढे आलेला असतो, त्यामुळे मागे हवेची जागा आपोआप सुटते.

मग उघडलेल्या पाकिटातल्या बारा टाइल्सचं काय? त्या वाया जाणार नाहीत. अशा टाइल्स दाबून चपट्या करून पाठवतात, तेव्हा आधी दोनेक दिवस मोकळ्या पसरून पूर्ण फुलू द्या. आधी चिकटवल्या तर नंतर फुगून कडा वाकड्या होतात. नंतर दोन फूट बाय तीन फुटांचे हलक्या प्लायचे दोन तुकडे कापून आणा. चार मिलिमीटरचा प्लाय पुरे. साध्या फेव्हिकॉलनं प्रत्येकावर सहा-सहा टाइल्स चिकटवा आणि वर सारखं वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. आता गोंद फोमला आणि प्लायला लागला, भिंतीला नाही. प्लायच्या वरच्या कडेला दोन भोकं पाडून सुतळी ओवा आणि हे फळे पडद्याच्या दांडीवरून किंवा माळ्याखालून टांगा, नाहीतर नुसते टेबलावर उभे करा. एक लक्षात ठेवा, प्लायच्या मागून आलेला आवाज फोमला भेटत नाही, त्यामुळे हवेच्या जागेचा फायदा इथे जवळजवळ मिळतच नाही. तोही हवा असेल तर प्लायऐवजी लाकडी पट्ट्यांची चौकट करा, तिच्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा आणि टाइल्स जाळीवर लावा. या दोन फळ्यांची योग्य जागा म्हणजे माइकच्या मागची भिंत. आरसा घेऊन कुणालातरी भिंतीवरून सरकवायला सांगा. उभं राहून तुम्हाला आरशात माइक दिसला, तर आवाज तिथूनच परततो. फळा त्या जागेसमोर.

कधीकधी मात्र दांडीही नसते, माळाही नसतो, आणि भिंतच वापरावी लागते. तेव्हा आधी भिंत तपासा. तळहात फिरवा. पांढरी पूड लागली तर तो डिस्टेंपर आहे आणि त्यावर कोणतीही चिकटपट्टी टिकणार नाही. भिंत बाहेरच्या बाजूची, पावसाच्या माऱ्याची असेल तर ती सोडूनच द्या. पुण्याच्या पावसाळ्यात अशा भिंतीला ओल येते, आणि वर फोम बसला की ती वाळत नाही. मागे काळी बुरशी धरते, रंगाला फोड येतात, आणि फोमही दमटपणानं चिकट, ठिसूळ होत जातो. ऑक्टोबरमध्ये टाइल काढाल तेव्हा दोन्ही गेलेलं असेल. आतली, कोरडी, प्लास्टिक इमल्शनचा रंग असलेली भिंत असेल तर ओढून काढता येणाऱ्या पट्ट्या वापरता येतात. कमांड स्ट्रिप्स नावानं त्या मिळतात. नव्या रंगाला आधी किमान आठवडाभर पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात मी महिना म्हणेन. भिंत आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पट्टी अर्धा मिनिट दाबा, तासभर थांबा, मगच वजन टाका. आणि काढताना तिचं शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, अगदी सावकाश ओढा. स्वतःकडे ओढलीत तर तीही रंग घेऊनच येईल. या पट्ट्या थेट फोमला लावू नका, फोमची पाठ छिद्रांची असल्यानं त्या धरत नाहीत. प्लायच्या फळ्याला लावा. आधी कपाटामागच्या एखाद्या कोपऱ्यात एक पट्टी लावून आठवड्यानं काढून बघा. तिथे पापुद्रा आला तर बाकीच्या भिंतीचं उत्तर मिळालं.

काहीजण आधी भिंतीला मास्किंग टेप लावून तिच्यावर डबल टेप लावतात. दोन दिवसांच्या शूटिंगसाठी ते ठीक आहे. अकरा महिने नाही. मास्किंग टेप जितकी जुनी होते तितकी रंगात रुतत जाते.

दुकानदाराचं म्हणणंही मी पूर्ण झटकून टाकणार नाही. काकूंची परवानगी असेल, तर दोन बारीक पोलादी खिळे हे बारा टाइल्सच्या टेपपेक्षा भिंतीला कमी इजा करतात. खिळ्याचं भोक पुट्टीनं दोन मिनिटांत बुजतं, निघालेला पापुद्रा हातभर पसरतो. जिप्समच्या गिलाव्यात खिळा सहज जातो. कॉलम-बीमवर तो वाकेल, तिथे हट्ट करू नका. मुंबई-ठाण्याच्या नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात, तिथल्या वाचकांनी खिळ्याचा विचार सोडावा. तशा खोल्या घुमतातही जास्त, म्हणून रजया थोड्या वाढवाव्यात.

काकूंशी बोलण्याचा विषय तुम्ही पत्रात टाळलाय असं मला वाटलं. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात भिंतींना भोकं पाडणं, रंग यांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा आणि रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर काकूंकडून मागून घ्या. मग त्यांना घरी बोलवा आणि तुम्ही काय वाचता ते हेडफोन लावून ऐकवा. आजवर त्यांच्या कानावर फक्त रात्रीची अस्पष्ट कुजबुज गेली आहे. कशासाठी ती आहे हे कळलं तर परवानगीचं बोलणं पुष्कळ सोपं होईल. भाडेकरूनं लपूनछपून टाइल्स लावल्या आणि त्या नंतर दिसल्या, तर खरी नाराजी भिंतीपेक्षा लपवण्यावर असते.

रात्रीच्या आवाजाबद्दल स्पष्ट सांगते: फोमनं तो थांबणार नाही. रजयांनीही नाही. खोलीतलं घुमणं कमी करणं आणि आवाज भिंतीपार जाऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला वजन लागतं, विटा, काँक्रीट, जाड काच. आणि फटी बुजवाव्या लागतात. फोम हलका आणि सच्छिद्र, तो यातलं काहीच करत नाही. याच कारणानं बाहेरच्या रिक्षा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही फोममधून सरळ आत येतात. तुमच्या हातात आहे ते एवढंच: दाराखालची फट जाड कापडाच्या गुंडाळीनं बंद करा, दाराच्या चौकटीला आणि सरकत्या खिडकीच्या कडांना रबरी पट्टी लावा, बाथरूमचं दार लोटून घ्या, कारण डक्टमधून आवाज मजलेच्या मजले उतरतो. रबरी पट्टीही चिकटणारी असते, पण ती लाकडाला किंवा ॲल्युमिनियमला लावायची, भिंतीला नाही. आणि खालच्या मजल्यावर बोलण्यापेक्षा खुर्ची सरकवणं, पावलं आणि टेबलावर ठेवलेला कप जास्त ऐकू जातो, कारण तो धक्का सरळ स्लॅबमध्ये उतरतो. खुर्चीच्या पायांना नमदा लावा, माइकचा स्टँड रजईवर ठेवा. मग एका रात्री नवऱ्याला खोलीत बसवून तुम्ही वाचता तेवढ्याच मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही खाली काकूंच्या घरी बसून ऐका. किती जातं ते कळेल, आणि काळजी खरी आहे का उगाच, हेही. पहाटे पाच ते सात ही वेळही करून बघा. पंखा बंद ठेवावा लागतो, तेव्हा ती वेळ सुसह्य असते आणि रस्ताही शांत असतो.

एक गोष्ट जरा कळकळीनं सांगायची आहे. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीनं भिंतीवरचा फोम पेटला आणि 100 माणसं गेली. 27 जानेवारी 2013 रोजी ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात ‘किस’ क्लबच्या छताचा फोम असाच पेटला, 242 माणसं गेली. घरात आतषबाजी नसते, पण देवापुढची निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल आणि गरम होणारा एक्स्टेन्शन बोर्ड असतो. फोम यांच्यापासून दूर, प्लग पॉइंट झाकेल असा कधीही नको, आणि दाराच्या वाटेत तर नकोच. पाकिटावर ‘फायर रिटार्डंट’ लिहिलेलं असतं, पण कोणत्या चाचणीत तो उतरला हे लिहिलेलं नसेल तर त्या दोन शब्दांवर विसंबू नका. गोधड्या-रजयाही पेटतातच, तेव्हा हाच नियम त्यांनाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. ते पुठ्ठ्याचे ट्रे फारसं शोषत नाहीत आणि आगीला मात्र उत्तम सरपण आहेत.

ज्यांना यापुढे जाऊन कायमचं काही करायचं आहे, घर बदललं तरी बरोबर नेता येईल असं, त्यांनी रॉकवूलचे फळे करून घ्यावेत. दोन फूट बाय चार फूट, दोन इंच जाड, घनता 48 किलो प्रति घनमीटर असा तुकडा इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. वजन पावणेदोन-दोन किलो. सुताराकडून पाइनची चौकट करून घ्या, आत तो तुकडा बसवा, भोवती मांजरपाट ताणून स्टेपल करा आणि खाली दोन आडवे पाय लावा. रॉकवूल दगडाचं असल्यानं पेटत नाही, पण त्याचे तंतू टोचतात. हाताळताना मोजे, मास्क, पूर्ण बाह्या, आणि कापड दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद. असे तीन फळे, एक पाठीमागे आणि दोन बाजूंना, भिंतीपासून वीतभर अलीकडे उभे केले की बोलण्याच्या कामाला ते पुरतात. तबला-पेटीचं रेकॉर्डिंग किंवा स्पीकरवर मिक्सिंग करणाऱ्यांना यानं भागणार नाही. त्यांना कोपऱ्यांमध्ये याहून जाड थर लागतील.

काहीही विकत घेण्याआधी मात्र एक रेकॉर्डिंग करून ठेवा. एकच परिच्छेद, माइकपासून एकच अंतर, वीतभर. आधी रिकाम्या खोलीत, मग कपाट उघडून, मग एका गोधडीसह, मग दोन. प्रत्येक वेळी शेवटी दहा सेकंद गप्प राहा. एसीएक्ससारखे ऑडिओबुकचे मंच मागतात की न बोलतानाचा गोंगाट उणे 60 डेसिबलच्या खाली हवा, आणि ते या दहा सेकंदांवरून ऑडेसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघता येतं. चारही तुकडे डोळे मिटून हेडफोनवर ऐका. माझा अंदाज आहे की तिसऱ्या तुकड्यापर्यंत तुमचं काम झालेलं असेल.

म्हणून दुसरं पाकीट उघडू नका. परत करायची मुदत बहुधा थोडीच असेल, तेव्हा ते आजच परत पाठवा. त्या पैशांत कपडे वाळत घालायचे दोन स्टँड येतील, आणि गोधड्या घरात नसतील तर आईकडे किंवा सासूबाईंकडे माळ्यावर नक्की असतील.